संगणकाच्या कार्यप्रणालीचा पाया : निवड कशी करावी?

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या कार्यप्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आणला. त्या दिवसापासून आपल्या अनेक सभासदांच्या पेढ्यांवर व गुदामांच्या कचेऱ्यांत एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आहे. यंत्र नादुरुस्त नाही, पडदा स्वच्छ दिसतो, बिलेही छापली जातात. परंतु सुरक्षेची जी डागडुजी कंपनीकडून दरमहा येत असे, ती नेहमीच्या मार्गाने येणे थांबले. 'विंडोज ११' घालावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप आणि सामान्यतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आणि आपल्याकडील पुष्कळसे संगणक त्याहून जुने. अशा वेळी घरातील तरुण मंडळी 'लिनक्स घाला' असे सुचवितात. सूचना चांगली आहे. मात्र लिनक्स या एका नावाखाली शेकडो प्रणाली मिळतात, आणि त्यांतून एक निवडताना बहुतेकांचे लक्ष पडद्यावरील रूपाकडे जाते. रंग कोणता, खिडक्या कशा उघडतात, विंडोजसारखी दिसते की नाही, यावरच निर्णय होतो. आपण व्यापारी लोक बारदान पाहून धान्याचा भाव ठरवीत नाही. पोत्याच्या पोटातून नमुना काढून तळहातावर पाहतो. तसाच नमुना येथेही काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते धान्याच्या घाऊक व्यापारात. संगणकशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु माल येतो कोठून, तो निवडतो कोण, साठवणीत किती दिवस टिकतो आणि पुरवठादाराने उद्या पेढी बंद केली तर आपले काय, हे प्रश्न रोज विचारण्याची सवय या धंद्याने लावली आहे. आणि या विषयाचा जितका अभ्यास मी केला, त्यात नेमके हेच प्रश्न निर्णायक ठरतात असे मला आढळले.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या यंत्राला कामाला लावणारा जो मूळ गाभा, त्याला कर्नल म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहावयास घेतलेला कर्नल तो लिनक्स. त्याच्या आधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. त्यातून गाभ्याभोवती लागणारी पुष्कळ अवजारे निर्माण झाली. या दोहोंची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. म्हणूनच अशा प्रणालींना मुक्तस्रोत म्हणतात. परंतु गाभा, अवजारे, छपाईची व्यवस्था, लिपी, ब्राउझर, पत्रलेखनाची साधने असे हजारो जिन्नस जगभरचे हजारो लोक निरनिराळ्या वेळी तयार करतात. ते गोळा करणे, एकमेकांशी जुळतात की नाही ते तपासणे आणि एकत्र बांधून ग्राहकाच्या हाती देणे हे स्वतंत्र काम आहे. असे बांधून दिलेल्या संचाला 'वितरण' म्हणतात, आणि त्यातील प्रत्येक जिनसाच्या गाठोड्याला 'पॅकेज'.

आता एखाद्या लहान मंडळीला असे वाटले की, सामान्य माणसाच्या टेबलावर शोभेल व सहज चालेल अशी एक प्रणाली आपण द्यावी. या मंडळीने हजारो पॅकेजे स्वतः गोळा करावयाची म्हटले, तर पडद्याची रचना सुधारण्याचे तिचे खरे काम बाजूलाच राहील. किराणा दुकानदार स्वतः शेत नांगरीत नाही. तो बाजारातून माल उचलतो, निवडतो, आपल्या पुड्या बांधतो. तद्वतच ही मंडळी आधीच तयार असलेले एखादे मोठे वितरण पाया म्हणून घेते आणि त्यावर आपले घर बांधते. फरक इतकाच की, दुकानदार आज एका पेढीचा व उद्या दुसऱ्या पेढीचा माल घेऊ शकतो. कार्यप्रणालीचा पाया असा आठवड्याला बदलता येत नाही. एकदा घेतला की वर्षानुवर्षे त्या पायाच्या मालकाच्या निर्णयांशी आपण बांधले जातो. म्हणून ही निवड गंभीर.

या निवडीचे एक उत्तम उदाहरण 'लिनक्स मिंट' या प्रणालीत सापडते. आयर्लंडमध्ये राहणारे मूळचे फ्रेंच गृहस्थ क्लेमाँ लफेव्र यांनी ती २००६ साली सुरू केली. प्रत्येक आवृत्तीला स्त्रीचे नाव देण्याची त्यांची रीत आहे. पहिली 'एडा', दुसरी 'बार्बरा'. घरगुती व कचेरीतील टेबलासाठीच ही प्रणाली आहे. मोठमोठे सर्व्हर चालविण्याचा तिचा हेतू नाही. तिने पाया घेतला 'उबुंटू'चा. उबुंटूचा पाया 'डेबियन'. म्हणजे हा माल दोन पेढ्यांतून येतो. यासाठी आधी मुळातल्या पेढीची ओळख करून घेतली पाहिजे.

डेबियनची स्थापना १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकन तरुणाने केली. पुढे पत्नी झालेल्या डेब्रा यांच्या नावाचा आरंभ आणि स्वतःचे 'इयन' हे नाव जोडून त्याने हे नाव सिद्ध केले. ही कंपनी नव्हे. जगभर पसरलेल्या स्वयंसेवकांचा हा संघ असून त्याला लिखित घटना आहे, ग्राहकांशी केलेला १९९७ सालचा लिखित 'सामाजिक करार' आहे, आणि प्रमुखाची निवड दरवर्षी सभासदांच्या मतदानाने होते. आपल्या संघटनेप्रमाणेच तेथेही वाद होतात, लांबतात, आणि कंटाळवाणे होतात; पण जो निर्णय होतो तो उघड्यावर होतो. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या डेबियनच्या १३व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत.

एवढा माल निवडण्याची त्यांची पद्धत पाहून धान्याच्या व्यापाऱ्याला आनंद वाटल्यावाचून राहणार नाही. तेथे तीन चाळण्या आहेत. नवीन आलेले पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' म्हणजे अस्थिर भांडारात पडते. तेथे धाडसी लोक ते वापरतात. ठराविक दिवस गेले, गंभीर तक्रार आली नाही आणि इतर पॅकेजांशी बेबनाव दिसला नाही, तर ते 'टेस्टिंग' म्हणजे चाचणीच्या भांडारात जाते. साधारण दोन वर्षांनी या चाचणीच्या भांडाराची दारे लावून घेतात. नवा माल आत घेत नाहीत, फक्त खडे वेचतात. कित्येक महिने असे खडे वेचून झाल्यावर जे उरते त्याला 'स्टेबल' म्हणजे स्थिर आवृत्ती म्हणून घोषित करतात. त्यानंतर त्या आवृत्तीत नवे गुण घालावयाचे नाहीत, फक्त दोष व सुरक्षेतील छिद्रे बुजवावयाची, असा दंडक आहे. अशी डागडुजी तीन वर्षे मुख्य संघाकडून व पुढे आणखी दोन वर्षे एका वेगळ्या गटाकडून होते. (आवृत्त्यांची नावे 'टॉय स्टोरी' या बालचित्रपटातील खेळण्यांवरून ठेवतात, आणि अस्थिर भांडाराला त्यातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे, 'सिड'चे नाव दिले आहे. विद्वान मंडळींतही विनोदबुद्धी असते.)

उबुंटूची गोष्ट निराळी. दक्षिण आफ्रिकेतील धनिक मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली 'कॅनॉनिकल' ही कंपनी काढून उबुंटू बाजारात आणले. माल मुख्यतः डेबियनच्या अस्थिर भांडारातून उचलावयाचा, त्यावर आपली निवड व पॉलिश करावयाची, आणि वेळापत्रक मात्र कडक ठेवावयाचे, अशी त्यांची योजना. दर एप्रिल व ऑक्टोबर महिन्यात नवी आवृत्ती. आणि दर दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीची, जिला पाच वर्षे आधार. आवृत्तीचा आकडा म्हणजेच साल व महिना, त्यामुळे '२४.०४' म्हटले की २०२४ चा एप्रिल हे कोणालाही कळावे. प्रारंभीची कित्येक वर्षे ही कंपनी मागेल त्याला जगभर टपालाने विनामूल्य तबकड्या पाठवीत असे. २०११ साली ते बंद झाले. सामान्य माणसाच्या टेबलावर लिनक्स आणण्यात उबुंटूचा वाटा मोठा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मग मिंटने डेबियन सोडून उबुंटू का घेतले? नव्या यंत्रांमुळे, असे थोडक्यात म्हणता येईल. स्थिर भांडार हे जुन्या धान्याच्या कोठारासारखे असते. माल पारखलेला, पण गेल्या हंगामाचा. आज दुकानातून आणलेल्या लॅपटॉपमधील वायफायचे वा पडद्याचे यंत्र दोन वर्षांपूर्वी गोठविलेल्या कर्नलला ओळखता येईलच असे नाही. उबुंटू आपल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतही काही महिन्यांच्या अंतराने नवा कर्नल पुरविते, त्यामुळे नवी यंत्रे सहज चालतात. डेबियनचा आणखी एक कर्मठपणा असा होता की, ज्यांची मूळ संहिता खुली नाही अशा यंत्र-आज्ञावल्या त्यांच्या अधिकृत संस्थापन-तबकडीत घालीत नसत. तत्त्व शुद्ध, पण वायफाय चालू होत नाही म्हणून ग्राहक हैराण. २०२२ साली सभासदांनी मतदान करून हा नियम शिथिल केला आणि २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून त्या आज्ञावल्या सोबत येऊ लागल्या. माझ्या मते पाया म्हणून डेबियनची किंमत या एका ठरावाने जितकी वाढली, तितकी कोणत्याही तांत्रिक सुधारणेने वाढली नसेल.

ताज्या मालाचे आकर्षण सर्वांनाच असते. 'फेडोरा' हे वितरण साधारण सहा महिन्यांनी नवे होते आणि जुन्या आवृत्तीचा आधार सुमारे तेरा महिन्यांत संपतो. 'आर्च' या वितरणात तर आवृत्तीच नाही. जिन्नस तयार झाला की भांडारात येतो, भाजीबाजारासारखा. खेळांचे यंत्र बनविणाऱ्या 'व्हॉल्व्ह' कंपनीने आपल्या 'स्टीमओएस' प्रणालीचा डेबियनचा पाया सोडून २०२२ पासून आर्चचा घेतला, कारण तिला नवनव्या सुधारणा लगोलग हव्या होत्या. तिच्यासाठी तो निर्णय योग्यच. तिच्यापाशी स्वतःचे कुशल अभियंते आहेत, आणि विकावयाचे यंत्रही ठराविक घडणीचे. आपल्या पेढीवर या दोहोंपैकी काहीच नाही.

ताजेपणात धोका कोणता, हे २०२४ साली सर्व जगाने पाहिले. 'एक्सझेड' नावाचे एक लहानसे साधन आहे. माहिती दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. पण ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळणारा मूळ लेखक एकटा आणि थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कोणी एक व्यक्ती तेथे आली, दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चांगले काम केले, विश्वास संपादला, आणि हाती किल्ल्या आल्यावर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. योग्य गुप्त चावी असणाऱ्याला दूर अंतरावरून दुसऱ्याच्या संगणकात शिरता यावे, अशी ती व्यवस्था होती. धंद्यात असा मनुष्य आपण पाहिला नाही असे कोण म्हणेल? वर्षभर चोख माल देतो, उधारी वेळेवर फेडतो, आणि एका हंगामात भेसळीचा ट्रक उतरवितो.

ही भेसळ पकडली गेली तीही योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात दूरस्थ प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर सोडून दिले असते. त्याने शोध घेत घेत मूळ गाठले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. त्या दिवशी भेसळीचा माल कोठवर पोहोचला होता ते पाहण्यासारखे आहे. डेबियनच्या अस्थिर व चाचणीच्या भांडारांत तो आला होता, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीच्या तयारीत होता, आर्चमध्ये होता. उबुंटूची २४.०४ तेव्हा तयार होत होती. खबरदारी म्हणून कंपनीने पॅकेजे पुन्हा नव्याने बांधली आणि चाचणी-आवृत्ती एक आठवडा पुढे ढकलली. डेबियनच्या स्थिर भांडारात व उबुंटूच्या वापरात असलेल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत मात्र तो शिरला नव्हता. तिसऱ्या चाळणीला कोणी त्या दिवशी विशेष दक्षता घेतली म्हणून नव्हे. तेथे नवा माल उशिरा पोहोचतो, एवढ्याच कारणाने. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे चालतात, त्याच्या बाबतीत हा उशीर मी दोष मानीत नाही.

यापुढचा प्रश्न मालकीचा. पाया कंपनीचा असावा की संघाचा? कंपनीपाशी पैसा, पगारी माणसे व शिस्त असते. संघाला निर्णय घेण्यास वेळ लागतो. तरीही २०२० साली जे घडले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. 'सेंटओएस' नावाचे वितरण २००४ पासून 'रेड हॅट' कंपनीच्या महागड्या प्रणालीची विनामूल्य प्रतिकृती म्हणून जगभर वापरले जाई. २०१४ पासून ते रेड हॅटच्याच छत्राखाली आले. त्याच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की, ही आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. नऊ वर्षांच्या हिशेबाने उभारलेल्या कामांना एक वर्षाची मुदत मिळाली. अमेरिकेतील फर्मिलॅब ही विज्ञानसंस्था पूर्वी युरोपातील सर्नच्या साह्याने 'सायंटिफिक लिनक्स' ही स्वतःची प्रतिकृती तयार करीत असे. तिने २०१९ साली नवी आवृत्ती न काढता सेंटओएसवर जाण्याचे ठरविले होते, आणि लगेच पुढच्याच वर्षी हा निर्णय येऊन थडकला. शेवटी २०२२ च्या अखेरीस या दोन्ही संस्थांनी 'अल्मालिनक्स' या नव्या प्रतिकृतीची शिफारस केली. कायदेशीर दृष्टीने कंपनीने काही गैर केले असे म्हणता येत नाही. वस्तू विनामूल्य होती, करारनामा नव्हता. पण आपण ज्याच्या गुदामात माल ठेवतो त्याने गुदाम विकले तर आपल्या हाती काय राहते, हे आधी पाहावे लागते.

कंपनीचा पाया बंद न होताही बदलू शकतो. उबुंटूने २०११ साली पडद्याची 'युनिटी' ही नवी रचना आणली; पुष्कळ जुन्या ग्राहकांना ती रुचली नाही. मिंटने त्या रचनेचा स्वीकार न करता पाया तोच ठेवून आपली 'सिनॅमन' ही स्वतंत्र रचना उभी केली, जुन्या वळणाची, खाली पट्टी आणि कोपऱ्यात यादी असलेली. पुढे २०१७ साली कॅनॉनिकलने युनिटी स्वतःच सोडून दिली. येथे मिंटवाल्यांचे शहाणपण असे की, पाया व पडदा या दोन वस्तू वेगळ्या ठेवता येतात हे त्यांनी ओळखले होते.

दुसरा प्रसंग २०१९ चा. जुन्या ३२-बिट पॅकेजांचा पुरवठा पूर्ण बंद करण्याचे उबुंटूने जाहीर केले. पुष्कळ जुने खेळ आणि विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविणारे 'वाइन' हे साधन त्या पॅकेजांवर अवलंबून होते. ग्राहकांचा व व्हॉल्व्ह कंपनीचा विरोध इतका झाला की, निवडक पॅकेजे ठेवण्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

तिसरा प्रसंग मिंटला अधिक झोंबला. कॅनॉनिकलने 'स्नॅप' नावाची पॅकेजांची स्वतःची पद्धत काढली असून तिचे दुकान एकटी तीच कंपनी चालविते. त्या दुकानाची संहिताही खुली नाही. २०२० च्या आवृत्तीत 'क्रोमियम' हा ब्राउझर नेहमीच्या भांडारातून मागितला, तर पॅकेज येई रिकामे, आणि ते मुकाट्याने स्नॅपच्या दुकानातून माल आणून बसवी. पोत्यावर चिठ्ठी जोंधळ्याची, उघडावे तर आत दुसऱ्या पेढीचा पत्ता! मिंटने त्याच वर्षी आपल्या २०व्या आवृत्तीत स्नॅपला आपोआप शिरण्यास बंदी केली आणि क्रोमियम स्वतः बांधण्याचे काम अंगावर घेतले. म्हणजे तयार पाया घेतल्याने जे श्रम वाचतात, त्यांतले काही पायाशी भांडण्यात खर्च होतात. हा खर्च निवडीच्या वेळी कोणी मांडीत नाही.

संघाच्या पायालाही असे हादरे बसतात, हे सांगितले नाही तर तराजू एका बाजूस झुकेल. संगणक सुरू होताना सर्व कामांना क्रमाने चालना देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी 'सिस्टमडी' ही नवी यंत्रणा घ्यावी की नाही यावर डेबियनमध्ये मोठा कलह माजला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मते समसमान पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. नाराज मंडळींनी 'डेव्हुआन' ही वेगळी चूल मांडली. पण याच प्रसंगातील दुसरी गोष्ट अधिक बोधक आहे. उबुंटूपाशी 'अपस्टार्ट' ही स्वतःची यंत्रणा २००६ पासून होती. डेबियनचा निर्णय होताच थोड्याच दिवसांत शटलवर्थ यांनी ती सोडून डेबियनच्या मागे जाण्याचे जाहीर केले. कोट्यधीश कंपनीलासुद्धा मुळातील पेढीपासून फार दूर जाणे परवडले नाही.

हे सर्व पाहता मिंटने २०१० साली जे केले, त्याला मी घाऊक व्यापाऱ्याची दूरदृष्टी म्हणेन. त्यांनी मुख्य प्रणाली उबुंटूवरच ठेवली, परंतु तेच रूप, तीच रचना थेट डेबियनच्या पायावर उभी करणारी एक दुसरी आवृत्तीही काढली. तिचे नाव 'एलएमडीई'. उद्या उबुंटू नाहीसे झाले तरी आपल्या ग्राहकाला हीच वस्तू देता यावी, हा तिचा हेतू त्यांनी उघड सांगितला आहे. आरंभी ती डेबियनच्या चाचणी-भांडारावर चालत असे; ताज्या मालाच्या कटकटी अनुभवल्यावर २०१५ पासून ती स्थिर भांडारावर आली. मुख्य मिंटनेही २०१४ पासून सहामाही आवृत्त्यांचा पाठलाग सोडून फक्त दीर्घ मुदतीचा पाया घेण्याचा नियम केला. दोन कोठारे सांभाळण्यास माणसे व वेळ लागतो हे खरे. पण एकाच कोठारावर विसंबणारा पुरवठादार आपल्याला भावात कधी सूट देत नाही, कारण त्याला स्वतःलाच कोठे जाता येत नाही.

आपल्या देशातही ही निवड वेगवेगळ्या रीतीने झाली आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली डेबियनवर उभी आहे. केरळच्या शाळांतून चालणारी 'काइट'ची प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये घेतलेली 'माया' ही प्रणालीही उबुंटूवरच. डेबियनचा संस्थापन-कार्यक्रम मराठीतही चालतो, ही गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरील व महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना आवर्जून सांगितली पाहिजे. पहिल्या पडद्यावरच भाषांच्या यादीत मराठी सापडते.

आता आपल्या पेढ्यांपुरते बोलू. माझे मत असे की, गल्ल्यावरचा पाच-सात वर्षांचा जुना संगणक, ज्यावर बिले, पत्रव्यवहार, बँक व जीएसटीचे संकेतस्थळ एवढेच चालते, त्याला डेबियनचा पाया असलेली प्रणाली घ्यावी. एलएमडीईची ७वी आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरात निघाली असून ती डेबियन १३ वर आहे, आणि त्या पायाची डागडुजी २०३० च्या मध्यापर्यंत मिळण्याची योजना आहे. मुलांसाठी अलीकडे घेतलेल्या नव्या लॅपटॉपला उबुंटूच्या पायावरील नेहमीची मिंट बरी; तिच्या २२व्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. उबुंटूच थेट घेणाऱ्यांनी एक बाब समजून घ्यावी. तेथील 'मेन' या भांडारावर कंपनीचे पाच वर्षे लक्ष असते, परंतु 'युनिव्हर्स' या कितीतरी मोठ्या भांडाराची सुरक्षा-डागडुजी कंपनी 'उबुंटू प्रो' या वर्गणीतून देते. वैयक्तिक वापरास पाच यंत्रांपर्यंत ती विनामूल्य आहे. पेढीच्या नावावर घेताना नियम वाचून घ्यावेत.

हिशेबाची जी आज्ञावली केवळ विंडोजसाठी लिहिलेली आहे, ती कोणत्याही पायावर सरळ चालणार नाही. वाइनमधून चालली तरी मार्चअखेरीच्या घाईत तिच्यावर भरवसा ठेवू नये. अशा पेढीने एक यंत्र विंडोज ११ चे ठेवावे आणि बाकीची लिनक्सवर न्यावीत.

प्रणाली कायमची बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकातील मजकुराला तोवर धक्का लागत नाही. पेठ बंद असेल त्या दिवशी पेनड्राइव्ह लावावा आणि बिल छापण्याचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, वजनकाट्याची जोडणी, मराठी टंकलेखन व बँकेचे संकेतस्थळ ही सर्व एकेक करून तपासावीत. टोकनाची चालक-आज्ञावली लिनक्ससाठी मिळते की नाही हे विक्रेत्याला आधीच विचारावे. बहुधा अडचण तेथेच येते. गुदामात धूळ खात पडलेली अगदी जुनी ३२-बिट यंत्रे असतील, तर त्यांच्यासाठी हा खटाटोप करू नये. डेबियनने १३व्या आवृत्तीपासून त्यांच्याकरिता संस्थापन-कार्यक्रम व कर्नल देणे बंद केले आहे, आणि एलएमडीईची ३२-बिट आवृत्ती ६व्या क्रमांकाबरोबर थांबली.